जी

अपिलाचा क्रमांक सोडून देते, तो कुणाला लागतो.
पान एकशे बारा ते एकशे एकोणीस माझ्या टेबलावर,
सिव्हिल लाइन्स, एप्रिल,
कूलरच्या पाण्याला वाळ्याचा नाही, शेवाळाचा वास,
आणि मी मराठीचं इंग्रजी करते, पानामागे इतके रुपये.

साक्षीदार क्रमांक चार. रुपचंद बोपचे, पंच.
धंदा पंक्चरचा, पाचपावलीच्या पुलाखाली.
पोलिसांनी बोलावलं, गेला.
सही कर म्हटलं, केली.
चाकू? पोत्यावर ठेवलेला होता, मी गेलो तेव्हाच.
एवढं तो सरळ सांगतो.
मग सरकारी वकील खाली बसतात
आणि सुरू होतं
न्यायालयाचा प्रश्न
न्यायालयाचा प्रश्न
न्यायालयाचा प्रश्न
मी मोजले. एकेचाळीस.
सरकारी वकिलांचे नऊ.

अपिलात खोब्रागडे वकीलबाई लिहितात:
विचारायचा अधिकार आहेच न्यायाधीशाला,
पण खुर्ची ज्या उंचीवर ठेवली आहे
तिथून सोडलेला प्रश्न
खाली पोचेपर्यंत प्रश्न राहत नाही.
हे वाक्य मी तीनदा इंग्रजीत केलं. तीनदा खोडलं.

आता तेविसावा.
'म्हणजे चाकू आरोपीनेच काढून दिला ना?'

हा ना.
लिहायला नकारासारखाच,
आणि काम होकार काढून घ्यायचं.
पंगतीत वाढपी वाकून म्हणतो, अजून एक घ्याल ना,
आणि जिलबी पडलेली असते ताटात.

उत्तर: जी.
पुढे पूर्णविराम.

न्यायाधीश इकडचे नव्हते, सांगलीकडून बदलून आलेले.
त्यांना कुणी सांगायचं
की आमच्याकडे जी म्हणजे हो नसतं.
माझे बाबा लाइनमन होते कोराडीला.
साहेबानं शिवी दिली, जी.
मले नाही मालूम जी. जाऊ द्या ना जी.
मेडिकलमध्ये डॉक्टर म्हणाले, दोन महिने,
बाबा म्हणाले, जी?
तो वर चढलेला जी अजून माझ्या कानात आहे,
त्याला कुणी होकार म्हटलं
तर मी त्याच्याशी भांडेन.

रुपचंदचा जी वर चढला होता का खाली उतरला?
टायपिस्टच्या बोटाखाली दोन्ही खुणा होत्या.
तिला लवकर जेवायला जायचं असेल.

त्याखाली साहेबांनी लिहून घेतलंय:
'हे म्हणणे खरे आहे की, चाकू आरोपीने माझ्यासमक्ष काढून दिला.'
कर्ता, कर्म, क्रियापद, स्वल्पविरामसुद्धा जागेवर.
पंक्चरवाल्याच्या तोंडी हे वाक्य
कुणाच्या तरी लग्नातला मागून आणलेला कोट.
या वाक्यावर नितेश चाफले
वर्धा रोडच्या भिंतीआड सहावा उन्हाळा काढतोय.

खून झाला, हेही खरंच.
पान दोनवर तिचं नाव आहे, सुलोचना, वय चौतीस.
नावाचं भाषांतर नसतं. नुसतं उतरवलं,
आणि उठून पाणी प्यायले.
नितेशनं केला असेल. नसेल.
माझ्याकडे फक्त पानं आहेत.

सेक्शनचे डोरले म्हणाले, येस लिहा मॅडम,
पेपरबुक सोमवारी द्यायचंय.
मी रोमनमध्ये दोनच अक्षरं लिहिली, जे आणि आय,
आणि तळटीप. ती दीड पान झाली, बाबांसकट.
फाडली. मग एवढीच ठेवली:
'साक्षीदाराचा मूळ शब्द. अर्थ उच्चारावर अवलंबून.
उच्चार अभिलेखात नाही.'

सहा वाजले. शिपाई गाणार दारात,
हातात कुलूप.
'मॅडम, लावू ना?'
मी मान वर न करता म्हटलं, जी.

तो तिथंच थांबला.
'लावू का नको लावू?
नीट सांगा जी.'